सोलापूरची कोरडी हवा आणि एका चिपळूणकराच्या शिंका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चिपळूणला होतात तोवर पावसाळाभर नाक चोंदलेलं, सर्दी, अधूनमधून छातीत घरघर. दोन वर्षांपूर्वी बँकेने सोलापूरला बदली केली तेव्हा आईपासून मॅनेजरपर्यंत सगळे म्हणाले, "बरं झालं, तिकडची हवा कोरडी, तुला मानवेल." पहिलं वर्ष मानवलीही. यंदा मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून सकाळी दहा-पंधरा शिंका, डोळ्यांना खाज, पापण्यांभोवती कातडी लाल. पाऊस आला की दोन दिवस आराम, आणि मग पुन्हा दुप्पट. फोन हवेची गुणवत्ता 'चांगली' दाखवतोय. दिवाळीला झेंडू आणायचा का, आणि परत कोकणात बदली मागू का, हेही विचारलंय.

मी सोलापुरात नाक-कान-घशाची प्रॅक्टिस करतो, सव्वीस वर्षं झाली. ऑक्टोबर लागला की तुमच्यासारखे पेशंट रोज येतात, आणि त्यातले बरेच बाहेरून आलेले असतात. पेशंटला न तपासता निदान करता येत नाही, म्हणून पुढे जे सांगतोय ते अंदाज म्हणून घ्या. पण तुमच्या वर्णनात तीन-चार खुणा इतक्या ओळखीच्या आहेत की अंदाज बांधायला हरकत नाही.

आधी पहिल्या वर्षाचं कोडं सोडवू. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सोलापूरला साडेपाचशे-सहाशे. ओलसर घरात गाद्या-उशांमध्ये डस्ट माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतली आर्द्रता शोषून जगतात. घरातली आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांखाली राहिली की ते सुकून मरायला लागतात. भिंतीच्या बुरशीचंही तेच. चिपळूणला तुम्हाला छळत होते ते बहुधा हे दोघे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्याने त्यांचा बंदोबस्त केला. आईचं म्हणणं तेवढ्यापुरतं अगदी बरोबर होतं.

मग दुसऱ्या वर्षी बिघडलं कुठे? ॲलर्जी व्हायला आधी ओळख व्हावी लागते. एखादा परागकण शरीराने पहिल्यांदा पाहिला की लगेच शिंका येत नाहीत. एक-दोन मोसम तो नाकात येत राहतो, ज्यांची प्रकृती ॲलर्जीची आहे त्यांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात, आणि मग पुढच्या मोसमात दणका बसतो. नव्या गावी गेलेल्या माणसाला पहिली एक-दोन वर्षं छान जातात आणि मग त्रास सुरू होतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की नव्याने बदलून आलेला पेशंट "इथे आल्यापासून ठणठणीत आहे" म्हणाला की मी नुसता हसतो.

तेव्हा हवा कोरडी आहे की दमट, यावर अडून बसू नका. या हवेतून काय येतं आणि कधी येतं, ते पाहायला हवं.

काय येतं, त्याचं उत्तर बहुधा तुमच्या खिडकीतून दिसत असेल. तुम्ही लिहिलंय, सोसायटी नवी आहे आणि मागे मोकळे प्लॉट आहेत. सोलापूरच्या कडेच्या मोकळ्या प्लॉटवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काय असतं हे सांगायला मला तिथे जायला नको. गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवतही म्हणतात. गाजरासारखी चिरलेली पानं, वर बारीक पांढरी फुलं. 1955-56 च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत आलं असं सर्वसाधारण मानतात. आज देशात बहुतेक सगळीकडे आहे. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि जिथे माती उकरली जाते तिथे ते आधी उगवतं. नवी सोसायटी, नवा रस्ता, पाइपलाइनची चारी म्हणजे त्याला आमंत्रणच.

आता कधी येतं ते. इथे बहुतेक पेशंटांची गल्लत होते, कारण ते आजची हवा पाहतात. तुम्ही चार ते सहा आठवड्यांपूर्वीचा पाऊस पाहा. गाजर गवत पावसाच्या ओलीवर उगवतं आणि साधारण महिनाभरात फुलायला लागतं. कोकणात पाऊस जून-जुलैला कळस गाठतो. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. म्हणजे झाडं वाढतात भाद्रपदात, आणि ती ऐन फुलावर असताना आभाळ मोकळं होतं, ऊन तापतं, वारा कोरडा होतो. फुलं तयार आणि हवाही तयार, असा योग आपल्या भागात नेमका दसरा-दिवाळीला जुळतो. ज्या वर्षी सप्टेंबर कोरडा गेला त्या वर्षी माझ्या दवाखान्यातली ऑक्टोबरची गर्दी कमी असते. पाऊस कमी पडल्याचा आनंद मानावा असं हे एकच ठिकाण, आणि तोही बोलून दाखवायची सोय नाही. अर्धे पेशंट शेतकरी आहेत.

"पाऊस आला की दोन दिवस बरं, मग दुप्पट" याचा उलगडाही यातच आहे. चांगली सर हवेतले कण धुऊन खाली बसवते. ओल्या हवेत फुलातले परागकोश उघडत नाहीत. म्हणून दोन दिवस सुख. तिसऱ्या दिवशी ऊन पडतं, साठलेले परागकोश एकदम तडकतात. त्याच पावसाने बी पुन्हा रुजलेलं असतं, त्याचा हिशेब महिन्याने येतो. दिवसातल्या वेळेचंही असंच. पहाटे दव असतं तोवर हवा त्यातल्या त्यात शांत. आठ-नऊला दव सुकलं की कण सुटायला लागतात, दुपारी तापलेली हवा त्यांना वर उचलते, आणि संध्याकाळी जमीन थंड झाली की तेच पुन्हा माणसाच्या उंचीवर उतरतात. तुमच्या शिंका मात्र उठल्याउठल्या येतात, आणि त्याचं कारण बाहेर कमी, उशीवर जास्त असतं. दिवसभर केसांत साठलेलं सगळं तुम्ही रात्रभर नाकाशी घेऊन झोपता.

फोनवरच्या 'चांगली'चं काय? तो आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या दुखण्याचा नाही. हवेच्या गुणवत्तेत मोजतात ते वायू आणि दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गाजर गवताचा परागकण पंधरा-वीस मायक्रॉनचा, गवतांचे त्याहून मोठे. म्हणजे ज्या चाळणीने हवा मोजली, तिच्यात तुमचा शत्रू धरलेलाच नाही. काही ॲप परागकणांचा अंदाज देतात, पण तो उपग्रहावरून दिसणारी हिरवळ आणि हवामान यांवरून काढलेला असतो. तुमच्या मागच्या प्लॉटवर काय फुललंय ते त्याला दिसत नाही. तुम्हाला गच्चीवरून दिसतं.

झेंडूचं सांगतो. सुरुवातीची काही वर्षं मीही पेशंटांना दसऱ्याला झेंडू बंद करायला सांगायचो, कारण त्रास नेमका तेव्हाच वाढायचा. चूक होती ती. झेंडू, जास्वंद, गुलमोहोर अशी डोळ्यात भरणारी फुलं किड्या-पाखरांना बोलावण्यासाठी रंगलेली असतात. त्यांचे परागकण जड आणि चिकट, ते वाऱ्यावर फारसे जात नाहीत. उपद्रव करणारी फुलं सहसा अशी असतात की ती फुलं आहेत हेच आपल्याला कळत नाही: गवताचे तुरे, माठ-चाकवताची कणसं, एरंड. झेंडू घरात खुशाल लावा. फक्त एक पुस्ती. झेंडू, शेवंती आणि गाजर गवत एकाच कुळातली आहेत. ज्यांना गाजर गवताची त्वचेची ॲलर्जी आहे त्यांनी तोरण दुसऱ्याला ओवायला सांगावं. आणि तुमच्या लाल पापण्यांमुळे मला ही शंका तुमच्याबद्दलही आहे.

ती शंका जरा फोडून सांगतो, कारण उपचार त्यावर ठरतो. शिंका, वाहतं नाक, डोळ्यांची खाज ही तात्काळ ॲलर्जी, मिनिटांत येणारी. कातडी लाल होणं, जाड होणं, खपली धरणं, विशेषतः पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणीत, ही उशिरा येणारी वेगळी ॲलर्जी. ती गाजर गवतातल्या पार्थेनिन नावाच्या रसायनाची. ते परागकणांत असतंच, शिवाय पानांवरच्या लवेत असतं आणि वाळलेल्या झाडाच्या भुश्शातही टिकतं. म्हणून कोरड्या भागात झाड मेल्यावरही त्रास संपत नाही, उलट वाळलेला चुरा वाऱ्यावर उडतो. शिंकांच्या गोळीने ही कातडी बरी होत नाही. दोन्हींच्या तपासण्याही वेगळ्या: शिंकांसाठी टोचून करायची त्वचा-चाचणी, कातडीसाठी पाठीवर चिकटवायची पॅच टेस्ट. पापण्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टेरॉईडचं मलम डोळ्यांभोवती अजिबात लावू नका.

आता जिवावर बेतू शकणारी गोष्ट. तुम्हाला चिपळूणला घरघर होत होती, म्हणून हे नीट वाचा. परागकण अख्खा असतो तेव्हा तो मोठा असल्यामुळे बहुतांशी नाकात अडतो. पण गडगडाटी वादळाच्या सुरुवातीला, पहिल्या थेंबांच्या आधीच्या सोसाट्यात, ओल पिऊन गवताचे परागकण फुगून फुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे थेट छातीत उतरतात. 21 नोव्हेंबर 2016 ला मेलबर्नमध्ये अशा एका वादळानंतर काही तासांत हजारो माणसं श्वास लागून रुग्णालयांत धावली आणि दहा जण दगावले. त्यात ज्यांना आधी दमा असल्याचं माहीत नव्हतं, फक्त शिंका येत होत्या, अशीही माणसं होती. आपल्याकडे तसं काही घडेल असा बागुलबुवा मी दाखवत नाही, तिथलं गवत वेगळं, मोसम वेगळा. पण मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला विजांचा पाऊस यांच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे छाती भरलेले पेशंट येतात. आभाळ भरून वारा सुटला की खिडक्या लावा आणि पाऊस स्थिरावेपर्यंत घरात थांबा. ओल्या मातीचा वास घ्यायला गच्चीत जाण्याचा मोह तेवढा आवरा. एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची चाचणी, करून छातीची परीक्षा करून घ्या. दमा निघाला तर इन्हेलर जवळ असू द्या, घरच्या कपाटात नव्हे.

बाकीचं वर्ष भरभर सांगतो. हुरड्याच्या आधी, डिसेंबरात, मंगळवेढा-मोहोळकडची रब्बी ज्वारी फुलोऱ्यात येते. शेताला लागून राहणाऱ्यांना त्याचा त्रास होतो, शहरात कमी. त्याच दिवसांत थंडीमुळे सकाळी धूर आणि कण जमिनीलगत कोंडून राहतात, म्हणून पहाटे फिरायला जाणाऱ्यांना खोकला धरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये वावळीची झाडं फुलतात आणि रानोमाळ पसरलेली वेडी बाभूळ पिवळी होते. याच वेळी खळ्यावर रास निघते. त्या धुळीत परागकणांपेक्षा बुरशीचे बीजाणू जास्त, काणी या ज्वारीच्या बुरशीजन्य रोगाची काळी पूड त्यातलीच. बुरशी म्हणजे ओल असं आपण धरून चालतो, पण अल्टरनेरियासारख्या बुरशीचे बीजाणू कोरड्या, वाऱ्याच्या दुपारीच जास्त उडतात. दम्याच्या पेशंटला ते परागकणांपेक्षा जड जातात.

एप्रिल-मेमध्ये परागकण कमी होतात, पण तुमचं नाक तेव्हाही कुरकुरेल. ती ॲलर्जी नसते. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या झळांनी नाकाची आतली त्वचा सुकते, खपल्या धरतात, घोळणा फुटतो. यासाठी ॲलर्जीची गोळी घेतलीत तर नाक आणखी कोरडं पडेल. मिठाच्या पाण्याचा साधा स्प्रे पुरतो. आणि कूलर! पूर्ण सोलापूर मे महिना कूलरवर काढतं. तो बाहेरची हवा न गाळता आत ओढतो आणि घरात ओल करतो, म्हणजे ज्या डस्ट माइटना तुम्ही चिपळूणला सोडून आलात त्यांची इथे सोय करून देतो. गवताच्या जाळ्या दर वर्षी बदला, टाकीतलं पाणी साठवून ठेवू नका, आणि खोलीत गादीला दमट वास यायला लागला तर समजा की जास्त झालं.

माझा मावसभाऊ अमेरिकेत ॲरिझोनाला असतो. गेल्या शतकात तिकडे दम्याच्या माणसांना डॉक्टर मुद्दाम पाठवायचे, वाळवंटाची हवा म्हणून. माणसं गेली, आणि जाताना सावलीसाठी तुतीची आणि ऑलिव्हची झाडं नि हिरवळीसाठी गवत घेऊन गेली. ऐंशीच्या दशकात टूसॉन शहराच्या भागात तुती आणि ऑलिव्हच्या लागवडीवर निर्बंध आणायची वेळ आली. तिथलं ते हिरवळीचं गवत म्हणजे आपली हरळीच. आपल्या नव्या सोसायट्यांचे लॉन पाहिले की मला हे आठवतं. कोरड्या मुलखात पाणी आणलं की त्यासोबत परागकणही येतात. उजनीच्या कालव्याखालच्या गावांत गाजर गवत उन्हाळ्यातही फुललेलं सापडतं, ते त्यामुळेच.

तर आत्ता काय करायचं. दोन गोष्टींवर माझा सगळ्यांत जास्त भर असतो. पहिली, संध्याकाळी घरी आल्यावर डोक्यावरून आंघोळ आणि कपडे बदलणं, आणि या दोन महिन्यांत कपडे बाहेरच्या दोरीवर न वाळवणं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण निम्मा फरक इथेच पडलेले पेशंट मी पाहिलेत. दुचाकीवर चष्मा आणि मास्क लावा. दुसरी, नाकातला स्टेरॉईडचा स्प्रे, मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन, डॉक्टरांना विचारून, रोज. 'स्टेरॉईड' ऐकून लोक घाबरतात. योग्य मात्रेत नाकापुरतं राहणारं औषध आहे ते. पण ते शिंक आल्यावर मारायचं नसतं. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून पुढच्या वर्षी गणपती बसले की सुरू करा. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न रोखता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखा. कोरड्या हवेत पडद्यावर मारलं की रक्त येतं आणि मग लोक औषधाला दोष देऊन सोडून देतात.

गोळी घ्यायचीच तर झोप कमी आणणारी, फेक्सोफेनाडिनसारखी, आणि ती फळांच्या रसासोबत नको, साध्या पाण्यासोबत घ्या. नाक पटकन मोकळं करणारे थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे, चार-पाच दिवसांच्या पुढे वापरू नका. नंतर नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. अशी सवय लागलेला पेशंट सोडवणं मला ॲलर्जीपेक्षा कठीण जातं. नाक धुवायचं असेल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं. दर मोसमाला 'एक इंजेक्शन घ्या, वर्ष निघेल' असं कुणी सांगितलं तर घेऊ नका.

चाचणी कधी करायची? दोन-तीन महिने हे सगळं करूनही भागत नसेल तर. चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, आणि जिथे कराल तिथल्या यादीत गाजर गवत आहे का ते आधी विचारा. चाचणीत दहा गोष्टी 'पॉझिटिव्ह' आल्या म्हणून दहाही सोडायच्या नसतात. तुमचा त्रास ज्या महिन्यात होतो त्या महिन्यात हवेत असलेलीच खरी. म्हणून आजपासून कॅलेंडरवर तीन गोष्टी टिपा: पाऊस, वारा आणि शिंका किती. वर्षभरानंतर ते कॅलेंडर डॉक्टरांसमोर ठेवलंत तर अर्धं निदान तिथेच होतं. ॲलर्जीच्या लसींचा कोर्सही आहे, पण तो तीन ते पाच वर्षांचा. तुमची बदली दर तीन वर्षांनी होत असेल तर घाई करू नका.

बदलीचं म्हणाल तर, परत कोकणात गेलात तर जुने डस्ट माइट वाट पाहत असतील. शरीराची प्रकृती बॅगेत सोबत येते. मी तरी या कारणासाठी अर्ज करणार नाही.

प्लॉटचं मात्र करा. सोसायटीला सांगून गाजर गवत फुलण्याआधी, पावसाने माती मऊ असताना मुळासकट उपटून घ्या. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क घालून, आणि तुम्ही स्वतः नाही. जाळू नका, चुरा धुराबरोबर घराघरांत जाईल. आत्ता फुलावर असेल तर हात लावू नका, पुढच्या जुलैची वाट बघा. तेव्हा पानांवर पिवळट, काळ्या रेषांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. मेक्सिकोतून 1984 च्या सुमारास मुद्दाम आणलेले आहेत ते, हेच गवत खायला. पावसाळ्यात जोरात खातात आणि थंडी-उन्हाळ्यात जमिनीत दडी मारतात, म्हणून एकट्या त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

एक राहिलंच: चिपळूणला घरघर व्हायची तेव्हा कुणी छातीची तपासणी करून 'दमा' असं कागदावर लिहिलं होतं का? तेवढं घरी विचारून कळवा. तसं असेल तर स्पायरोमेट्रीसाठी दिवाळी होण्याची वाट पाहू नका, याच आठवड्यात करा.